बक्षिसाचा टॅक्स आधी भरायचा नसतो

‘तुमच्या सिमकार्डला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. अमिताभ बच्चन यांचा फोटो, गोल शिक्का, लॉटरी नंबर, खाली ‘बँक मॅनेजर’चा नंबर आणि ताकीद: फोन व्हॉट्सअ‍ॅपवरूनच करा. नंबर बऱ्याचदा +९२ ने सुरू होतो. तो पाकिस्तानचा कोड. भारताचा +९१, एका आकड्याचा फरक घाईत कोण बघतं?

शंका येऊनही माणूस फसतो तो एका समजुतीपायी: ‘एवढी रक्कम म्हणजे टॅक्स आधी भरावाच लागणार.’ नाही! लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस लागतो खरा, पण तो बक्षीस देणाराच कापतो आणि उरलेले पैसे देतो. तुमच्या खिशातून आधी काही जात नाही. इथे मात्र आधी प्रोसेसिंग फी, मग जीएसटी, मग ‘फाईल अडकली’. आणि पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यात.

मुळात केबीसी सिमकार्डांची सोडत काढतच नाही. न काढलेलं तिकीट लागेल कसं?

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.