नाक गरम लागतंय, म्हणजे ताप आहे का?

घरातलं कुत्रं मलूल दिसलं की आपला हात आधी त्याच्या नाकाकडे जातो. नाक ओलं आणि गार असेल तर ठीक, कोरडं आणि गरम असेल तर ताप, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण त्यात फारसं तथ्य नाही. नाक ओलं राहतं ते नाकातल्या ग्रंथींमुळे आणि कुत्रं ते सारखं चाटत असतं म्हणून. झोपेत चाटणं थांबतं, त्यामुळे नुकत्याच उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. उन्हात पडून राहिलं, हीटरजवळ बसलं किंवा वय झालं तरी तेच. उलट १०४ अंश ताप असताना नाक छान ओलं असणंही अगदी शक्य आहे.

कान किंवा पोट चाचपूनही फार कळत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. इतकं तापमान आपल्याला असेल तर आपण सुट्टी टाकून पडून राहू. त्यामुळे आपल्या हाताला कुत्रं नेहमीच कोमट लागतं, आणि १०२ व १०४ यांतला फरक तर कोणाच्याच तळहाताला कळत नाही. १०३ च्या वर गेलं की ताप म्हणायचा. १०४ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. १०६ च्या पुढे शरीरातल्या अवयवांनाच इजा होऊ लागते, तिथे वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही. नवजात पिल्लांना हे आकडे लागू नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांचं तापमान ९५ ते ९८ च्या आसपास असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते हळूहळू चढत जातं.

तेव्हा थर्मामीटरला पर्याय नाही, आणि तो गुदद्वारातच लावावा लागतो. ऐकायला अवघड वाटतं, पण दोघं जण असले तर मिनिटभराचं काम आहे. साधा डिजिटल थर्मामीटर घ्यायचा, तो फक्त कुत्र्यासाठी वेगळा ठेवायचा आणि टोकाला पेट्रोलियम जेली लावायची. एकाने कुत्र्याचं डोकं आणि छाती अंगाशी धरून त्याच्याशी बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपटी उचलून धातूचं टोक जेमतेम आत जाईल इतकंच सरकवायचं. लहान कुत्र्यात त्याहून आत जायची गरज नसते. टोक हलकंच एका बाजूला टेकवायचं, कारण ते नुसतंच शौचात रुतलं तर आकडा खरा येत नाही. कुत्रं विरोध करत असेल तर जबरदस्ती नको. धावून-खेळून आल्यावर लगेच मोजू नये, तेव्हा तापमान तसंही चढलेलं असतं. माणसांच्या कानात लावायचा थर्मामीटर इथे भरवशाचा नाही, कारण कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. कपाळावर रोखायचं यंत्र तर केसांमुळे बिनकामाचंच. माझा आग्रह असा की हे सगळं कुत्रं बरं असताना एक-दोनदा करून आकडा लिहून ठेवावा. आजारपणात त्या आकड्याशी तुलना करता येते, आणि कुत्र्यालाही सवय होते.

अंग गरम असलं की दर वेळी तो ताप असतोच असं नाही. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं नेमलेलं तापमान स्वतःच वर सरकवतो. जंतूंशी लढणाऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, आणि त्या इशाऱ्यावर मेंदू ठरवतो की आता १०४ हेच योग्य. मग १०२ अंशांवर असलेल्या कुत्र्याला थंडी वाजते, ते कुडकुडतं, अंगाचं मुटकुळं करून उबेला जातं. उष्माघातात मात्र नेमलेलं तापमान जागच्या जागी असतं. शरीराला उष्णता बाहेर टाकणंच जमत नसतं. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. म्हणून उष्माघात झालेलं कुत्रं गार फरशी शोधतं, जीभ बाहेर काढून जोरजोरात धापा टाकतं, लाळ गाळतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे फार लवकर होतं. उष्माघात झालेल्या कुत्र्याला पाण्याने भिजवून, वारा घालून तातडीने गार करत दवाखान्यात न्यायचं असतं. तापाच्या कुत्र्याला बर्फाच्या पाण्यात बसवलं तर ते आणखी कुडकुडेल आणि आणखी उष्णता तयार करेल.

त्याच प्रोस्टाग्लँडिनमुळे घरच्या औषधांच्या डब्याचाही विषय काढावा लागतो. ताप उतरवणाऱ्या आपल्या गोळ्या हे रसायन तयार होऊ देत नाहीत. पण जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा हीसुद्धा प्रोस्टाग्लँडिनचीच कामं. आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ६० किलोच्या माणसाला किलोमागे सात मिलिग्रॅमही पडत नाही. ३ किलोच्या कुत्र्याला तीच गोळी किलोमागे १३३ मिलिग्रॅम पडते, आणि कुत्र्याच्या शरीरातून हे औषध बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो. जठरात व्रण होऊन रक्तस्राव व्हायला यापेक्षा बरीच कमी मात्रा पुरते. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत आणि तांबड्या पेशी दोन्हींवर घाव बसतो. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडचाही धोका असतो. कॉली आणि शेटलँड शीपडॉगसारख्या जातींतल्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. डॉक्टरांनी त्या कुत्र्याचं वजन पाहून सांगितल्याशिवाय माणसाची कुठलीही गोळी देऊ नये.

आता पोटाकडे. कुत्रं सहज ओकतं. घाईघाईत खाल्लं, काही अरबट-चरबट चघळलं, की ओकून मोकळं. त्यामुळे एकदा उलटी होऊनही शेपटी हलत असेल, पाणी टिकत असेल आणि तासाभरात ते खेळायला येत असेल, तर नुसतं लक्ष ठेवलेलं पुरतं. गवत खाणं हेही आजाराचं लक्षण मानायचं कारण नाही, धडधाकट कुत्री आवडीने गवत खातात. आधी ही उलटीच आहे का ते बघायला हवं. उलटीपूर्वी कुत्रं ओठ चाटतं, लाळ गाळतं, अस्वस्थ होऊन फिरतं, मग पोट जोराने आत-बाहेर होतं आणि ओक पडते. काही वेळा यातलं काहीच न होता मान खाली करताच न पचलेलं अन्न जसंच्या तसं बाहेर येतं. तो अन्ननलिकेचा त्रास असतो, त्याचा तपास वेगळा. पिवळं पाणी म्हणजे पित्त, रिकाम्या पोटी ते बऱ्याचदा पडतं. तांबडं रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, तर जठरात रक्तस्राव होत असू शकतो. आणि पोट फुगलंय, कुत्रं सारखं ओकायचा प्रयत्न करतंय पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर लगेच निघायचं. हे मोठ्या जातींत जास्त होतं, पण लहान कुत्र्यातही तितकंच घातक.

जुलाबांकडे बघायची तर अनेकांना किळस वाटते. पण त्यांतून बरंच कळतं. बिघाड लहान आतड्यात असेल तर शौच एका वेळी भरपूर होतं, मात्र दिवसातून फार वेळा नाही. त्यात रक्त असेल तर ते पचून डांबरासारखं काळं होऊन येतं. बिघाड मोठ्या आतड्यात असेल तर कुत्रं पुन्हा पुन्हा बसतं, कुंथतं, थोडंसंच करतं, त्यात शेंबडासारखी आव आणि कधी ताजं लाल रक्त. हे कुंथणं पाहून मालकांना बद्धकोष्ठ वाटतं आणि उलटंच औषध दिलं जातं. डॉक्टरांना वर्णन करत बसण्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. ताजा नमुना डबीत नेला तर जंत आणि जिआर्डियासारखे परजीवी तपासता येतात.

लहान कुत्र्यात खरी भीती पाण्याची. ३ किलोच्या कुत्र्याच्या शरीरातलं १५० मिलिलिटर पाणी गेलं, म्हणजे जेमतेम पेलाभर, तर वजनाच्या ५ टक्के गेलं. तिथून डिहायड्रेशन दिसायला लागतं. १० ते १२ टक्क्यांवर कुत्रं शॉकमध्ये जाऊ शकतं, म्हणजे रक्ताभिसरणच कोलमडू शकतं, आणि तीन-चार मोठ्या उलट्या-जुलाबांत ते सहज घडतं. लॅब्रॅडॉरसाठी जे दुखणं दीड दिवसाचं, ते चिवावासाठी काही तासांचं ठरतं, ते यामुळेच.

पाणी किती गेलंय याचा अंदाज घरी येतो. वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावा. ती ओलसर, गुळगुळीत लागायला हवी. बोटाला चिकटत असेल तर पाणी कमी झालं आहे. हिरडी दाबून सोडली की पांढरा ठिपका पडतो, तो दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. पांढरट, निळसर, विटकरी किंवा पिवळी हिरडी असेल तर पुढची तपासणी दवाखान्यातच. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्यात खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडण्याची पद्धतही सर्वांना माहीत आहे, पण म्हाताऱ्या, हडकुळ्या कुत्र्याची कातडी तशीही सावकाश खाली बसते आणि गुबगुबीत कुत्र्याची पाणी कमी असूनही चटकन बसते. मी हिरडीवर जास्त विसंबतो.

छोट्या जातींच्या पिल्लांत आणखी एक धोका असतो. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा. मोठ्या कुत्र्याला उलट्यांनंतर काही तास उपाशी ठेवलेलं चालतं, पण या पिल्लांना तसं ठेवलं तर रक्तातली साखर घसरते. मग ते लडखडतं, थरथरतं, झटकाही येतो. अशा वेळी हिरडीवर थोडं साखरेचं पाणी चोळत डॉक्टरकडे पळायचं.

ताप आणि पोट दोन्ही एकदम बिघडलं आणि पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं पार्वोचं. हा विषाणू १९७८ च्या सुमारास कुत्र्यांत दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्याला वाढायला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात, आणि तशा पेशी असतात आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत. म्हणजे आतड्याची भिंत झडते आणि त्याच वेळी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणंही मंदावतं. आतड्यातले जीवाणू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला कोणी नसतं. सुरुवात साधीच वाटते. पिल्लू गप्प बसतं, खात नाही, अंग तापतं. एक-दोन दिवसांत उलट्या, मग घाण वास येणारे रक्ताचे जुलाब. या टप्प्यावर तापमान १०४ वरून १०१, मग ९९ असं उतरू लागलं तर घरात हायसं वाटतं. पण पिल्लू अजून निपचित आहे आणि हिरड्या फिक्या आहेत, तर ती उतरण बरं होण्याची नाही. रक्ताभिसरण कोलमडत असल्याने शरीराला ऊब टिकवता येत नाही, हा त्याचा अर्थ. लहान अंगाची उष्णता तशीही लवकर निसटते. ९९ च्या खालचा आकडा मला १०४ पेक्षा जास्त घाबरवतो.

‘लस तर दिलीय’ हे वाक्य दवाखान्यांत नेहमी ऐकू येतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्यं लसीलाही निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. एकच डोस झालेलं पिल्लू सुरक्षित धरता येत नाही.

मोठ्या कुत्र्यात यादी बदलते. तेलकट-तुपकट खाल्ल्यावर स्वादुपिंडाला सूज आली तर पोट इतकं दुखतं की कुत्रं पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग उंच धरतं. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. ती पाणी खूप पिते, उलट्या करते, ताप असतो किंवा नसतोही. गोचीड तापात पोटापेक्षा फिक्या हिरड्या, नाकातून रक्त आणि अंगावर गोचिड्या दिसतात. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून येतो आणि माणसालाही होतो, त्यामुळे अशा कुत्र्याचं मूत्र साफ करताना हातमोजे हवेत. चॉकलेट, मनुका किंवा साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम पोटात गेलं तर उलट्या होतात पण ताप बहुधा नसतो. तिथे आकडा नॉर्मल आला म्हणून थांबणं महागात पडतं.

दुखणं हलकं असेल आणि डॉक्टरांनी घरीच सांभाळायला सांगितलं असेल, तर पाणी थोडं थोडं, पण वारंवार द्यावं. भांडं भरून ठेवलं की तहानलेलं कुत्रं घटाघटा पितं आणि सगळं ओकून टाकतं. पाणी टिकलं की मऊ, बिनमसाल्याचं, चरबी नसलेलं खाणं चमचा-चमचा द्यावं आणि नेहमीच्या खाण्यावर दोन-तीन दिवसांत हळूहळू यावं. जुलाब थांबल्यावर एखाद-दुसरा दिवस शौचच झालं नाही, तर रेचक शोधू नये. आतडं रिकामं झालेलं असतं, ते भरायला तेवढा वेळ लागतोच.