ईॲक्सेस की ईपर्म: परवानगी अडली कुठे?

सी प्रोग्राममधल्या सिस्टिम कॉलने (कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागणीने) फसल्याची खूण म्हणून उणे एक परत दिला, पीएरर या त्रुटी-संदेश छापणाऱ्या फंक्शनने परवानगीबद्दल काहीतरी छापलं, की बरेच जण पुढचं न वाचताच सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारून मोकळे होतात. पण छापलेलं नीट वाचायला हवं. लिनक्सवर ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणजे ईॲक्सेस, एरनो (त्रुटीचा क्रमांक) १३. ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ म्हणजे ईपर्म, एरनो १. पहिल्यात बहुतेक वेळा मोड बिट्स (फाइलवरच्या वाचा-लिहा-चालवा परवानग्या) आडवे आलेले असतात. दुसऱ्यात बिट्स कसेही असोत, ते काम करायचा अधिकारच तुमच्या प्रोसेसला नसतो.

ईॲक्सेसमध्ये फसवणारा प्रकार असा: फाइलचा मोड ६४४, म्हणजे कुणीही वाचावी, तरी ओपन फसतं. एसट्रेस हे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन लावलं तर ओपनॅट या फाइल उघडणाऱ्या कॉलच्या ओळीच्या शेवटी ईॲक्सेस दिसतो आणि आपण फाइलकडेच बघत बसतो. कर्नल मात्र पाथमधली एकेक डिरेक्टरी ओलांडत जातो आणि प्रत्येकीवर एक्स बिट (डिरेक्टरीत शिरायची परवानगी) मागतो. मधल्या एखाद्या डिरेक्टरीचा मोड ७०० (फक्त मालकाला परवानगी) आणि मालक दुसराच असला, की गाडी तिथेच अडते. नेमआय -एल ही कमांड पाथमधल्या प्रत्येक पायरीचा मोड आणि मालक एकाखाली एक छापते. दोषी डिरेक्टरी लगेच सापडते. एक्झेकव्हीई हा प्रोग्राम चालवणारा कॉल फसत असेल तर माउंट नोएक्झेक आहे का, म्हणजे तिथून प्रोग्राम चालवायलाच बंदी आहे का, तेही बघा. तिथे फाइलवर एक्स बिट असूनही ईॲक्सेसच येतो.

ईपर्मचं उलट. टेंप डिरेक्टरीत दुसऱ्या युजरची ७७७ मोडची फाइल अनलिंक करून बघा. फाइलवर लिहिता येईल, पण ती उडवता येणार नाही, कारण डिरेक्टरीला दुसऱ्याची फाइल उडवू न देणारा स्टिकी बिट आहे. दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड चालवलात तर तोही ईपर्मच देतो, म्हणजे ७७७चा रामबाण इथे स्वतःच फसतो! रूटलासुद्धा (सर्वाधिकारी युजरला) ईपर्म मिळतो: सीएचॲटर कमांडने फाइल इम्यूटेबल, म्हणजे बदलता न येणारी, केलेली असली तर. फाइलच्या अशा खुणा दाखवणाऱ्या एलएसॲटरमध्ये ‘आय’ दिसला की समजायचं. कंटेनरमध्ये (प्रोग्रामच्या वेगळ्या, बंदिस्त जागेत) रूट असूनही ईपर्म आला, तर सेककॉम्प फिल्टर (सिस्टिम कॉल अडवणारी गाळणी) किंवा काढून घेतलेली कॅपेबिलिटी (रूटच्या अधिकारांचा एक तुकडा) यांच्यावर संशय घ्यावा.

हे सगळं एरनो खरा असेल तरच. कॉल फसल्यावर आधी प्रिंटएफ आणि मग पीएरर असं लिहिलंत, तर मधल्या प्रिंटएफने एरनो बदललेला असू शकतो. तो लगेच एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि संदेशात पाथही छापा. नुसतं ‘फाइल उघडली नाही’ काही कामाचं नाही.

बिट्स म्हणजे ईॲक्सेस आणि अधिकार म्हणजे ईपर्म, हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही खरं. एसईलिनक्स या जादा सुरक्षा-थराने अडवलं तरी बहुधा ईॲक्सेसच येतो. बिट्स चोख दिसत असतील तर ऑडिट लॉग उघडा. आणि साध्या युजरने पोर्ट ८० या राखीव पोर्टवर बाइंड केलं (प्रोग्राम त्या पोर्टला जोडला), तर प्रश्न कॅपेबिलिटीचा असूनही उत्तर ईपर्म नसून ईॲक्सेस असतं. तिथे सरळ ८०८० घ्या, नाहीतर सेटकॅपने बायनरीला तेवढी एक कॅपेबिलिटी द्या.