रीस्ट्रक्चर म्हणजे पे कट नव्हे

मार्च महिना उजाडला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, बातम्यांत एक वाक्य हमखास दिसतं: अमक्या क्वार्टरबॅकने (संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) संघासाठी स्वतःचा पगार कमी करून घेतला. त्याखाली चाहत्यांची स्तुतिसुमनं, आणि जोडीला दुसऱ्या कुणा खेळाडूला ‘बघ, शीक काहीतरी’ असा टोमणा. प्रत्यक्षात अशा बहुतेक बातम्यांत त्या खेळाडूचा एक डॉलरही कमी झालेला नसतो. त्याचं कॉन्ट्रॅक्ट ‘रीस्ट्रक्चर’ झालेलं असतं. पे कट ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती क्वचित घडते. दरवर्षी हाच घोळ होतो, आणि त्यात खेळाडूंच्या हक्काच्या पैशाबद्दल चुकीचा समज पसरतो म्हणून तो मला खटकतो.

पे कट सगळ्यांना कळतो. दोन कोटी ठरले होते, आता दीड कोटी मिळणार. अर्धा कोटी गेला. कधी त्यातला काही भाग ‘इतके यार्ड धावलास तर परत देऊ’ अशा अटीवर ठेवतात. यापलीकडे त्यात समजून घेण्यासारखं फारसं काही नाही.

रीस्ट्रक्चर समजायला आधी सॅलरी कॅप समजावी लागते, म्हणजे एका संघाने एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा. 1987 मध्ये खेळाडूंनी संप केला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू आणून सामने खेळवले आणि 24 दिवसांत संप मोडला. मग खेळाडूंच्या संघटनेने मैदान सोडून कोर्टाची वाट धरली. 1992 मध्ये फ्रीमन मॅकनील या खेळाडूच्या खटल्यात ज्युरीने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि 1993 मध्ये तडजोड झाली: खेळाडूंना फ्री एजन्सी (कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याची मोकळीक), मालकांना कॅप. 1994 ची पहिली कॅप 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2024 ची 25 कोटी 54 लाख. ही कॅप कडक आहे, दंड भरून ओलांडता येत नाही. मार्चच्या मध्यावर नवं लीग वर्ष सुरू होतं आणि त्या क्षणी प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावाच लागतो. या बातम्या नेमक्या मार्चमध्ये का उगवतात, त्याचं कारण हे.

आता जिथे सगळे अडखळतात ती जागा. खेळाडूच्या बँकेत जमा होणारी रक्कम आणि कॅपच्या हिशेबात त्याच्या नावावर लागणारी रक्कम हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिल्याला कॅश म्हणतात, दुसऱ्याला कॅप हिट. मूळ पगार ज्या वर्षी दिला त्याच वर्षी पूर्ण कॅपवर लागतो. साइनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, मात्र खेळाडूला आता मिळतो, पण कॅपवर तो कॉन्ट्रॅक्टच्या उरलेल्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच वर्षांत, समान वाटून लागतो. रीस्ट्रक्चरचा सगळा खेळ या एका नियमावर चालतो.

समजा एका लाइनबॅकरचा (बचावातल्या खेळाडूचा) या वर्षीचा मूळ पगार 2 कोटी डॉलर आहे आणि कॉन्ट्रॅक्टची पाच वर्षं उरली आहेत. संघ त्यातले दीड कोटी ‘साइनिंग बोनस’ म्हणून देतो. पगार उरला 50 लाख. दीड कोटीचे पाच भाग, प्रत्येकी 30 लाख. या वर्षी कॅपवर लागले 50 अधिक 30, म्हणजे 80 लाख. कॅपमध्ये 1 कोटी 20 लाखांची जागा झाली. आणि खेळाडूला मिळाले किती? 50 लाख पगार, दीड कोटी बोनस. दोन कोटीच.

हप्त्यावर फ्रिज घेतला की दुकानदाराला पूर्ण पैसे आजच मिळतात आणि हप्ते गिऱ्हाईक फेडत बसतं. इथे खेळाडू दुकानदार आहे. गिऱ्हाईक आहे संघ. दुकानदाराने त्याग केला असं आपण म्हणत नाही.

उलट त्याचा फायदाच होतो. मूळ पगार हंगाम सुरू झाल्यावर टप्प्याटप्प्याने मिळतो आणि त्याला हमी नसेल तर ऑगस्टमध्ये काढून टाकलेल्या खेळाडूला त्यातलं काहीच मिळत नाही. बोनसचे पैसे खेळाडूचे होऊन जातात. शिवाय त्याला काढणं संघाला आता जास्त महाग पडतं. म्हणूनच अनेक कॉन्ट्रॅक्टमध्ये हे रूपांतर संघ स्वतःच्या अधिकारात करू शकेल असं कलम आधीपासून असतं. खेळाडूला विचारावंही लागत नाही. ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याच्या मोठेपणाची बातमी कशी होऊ शकते?

क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचं उदाहरण घ्या. 2020 मध्ये त्याने कॅन्सस सिटी चीफ्सशी 10 वर्षांचं 45 कोटी डॉलरचं एक्स्टेन्शन केलं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. पुढच्या वर्षी कोविडच्या साथीमुळे लीगचं उत्पन्न घटलं आणि कॅप 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर उतरली. चीफ्सनी महोम्सच्या 2 कोटी 17 लाखांच्या रोस्टर बोनसचा (संघात टिकून असल्याबद्दल मिळणाऱ्या, त्याच वर्षी पूर्ण कॅपवर लागणाऱ्या रकमेचा) साइनिंग बोनस केला. पाच भाग केले की दर वर्षी 43 लाख 40 हजार. म्हणजे त्या वर्षाच्या कॅपमध्ये सुमारे 1 कोटी 70 लाखांहून थोडी जास्त जागा झाली. महोम्सचं काहीही कमी झालं नाही.

हप्ते मात्र कुणीतरी फेडायचे असतात. खेळाडू मधेच गेला तर बोनसचे उरलेले सगळे भाग एकदम कॅपवर येऊन पडतात. त्याला डेड मनी म्हणतात. (1 जूननंतर काढलं तर ते दोन वर्षांत विभागता येतात.) अटलांटा फाल्कन्सनी क्वार्टरबॅक मॅट रायनचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा पुन्हा रीस्ट्रक्चर केलं आणि 2022 मध्ये त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवलं, तेव्हा जो माणूस आता दुसऱ्या संघातून खेळणार होता त्याच्यासाठी फाल्कन्सच्या कॅपवर 4 कोटी 5 लाख डॉलर लागले. काही संघ कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी ‘व्हॉइड इयर्स’ जोडतात. खेळाडू त्या वर्षांत खेळणार नसतो, ती वर्षं फक्त बोनसचे भाग पसरायला असतात. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. एखाद्या वर्षी अडचण आली म्हणून केलं तर ठीक. दरवर्षी करणारा जनरल मॅनेजर, म्हणजे संघाची कॉन्ट्रॅक्टं ठरवणारा माणूस, आपल्या चुका पुढच्या माणसाच्या गळ्यात बांधतो.

दोन गोष्टींची सरमिसळ होण्याचं एक खरं कारणही इथेच आहे. रीस्ट्रक्चर केलं की पुढच्या वर्षांचा कॅप हिट फुगतो. मग दोन वर्षांनी, वय वाढलेल्या त्याच खेळाडूसमोर संघ येतो आणि म्हणतो, आता खरोखर कमी घे, नाहीतर निघ. पहिल्या वेळेला ज्यांनी त्याला त्यागी ठरवलं, तेच या वेळी तो ‘नाही’ म्हणाला की लोभी ठरवतात. पण हा फुगवटा संघाने स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेला असतो.

मुळात खेळाडूने कमी घ्यावं या अपेक्षेलाच माझा विरोध आहे. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातल्या 2020 च्या सामूहिक करारानुसार लीगच्या उत्पन्नातला किमान 48 टक्के वाटा खेळाडूंचा आहे. तो करार खेळाडूंच्या 1,019 विरुद्ध 959 मतांनी जेमतेम मंजूर झाला आणि त्याच्या बदल्यात हंगामातला सतरावा सामना खेळाडूंच्या अंगावर आला. त्या वाट्यातला आपला हिस्सा घेणाऱ्याला लोभी म्हणणं अन्याय आहे.

खरा पे कट कसा दिसतो? 2023 च्या जुलैत क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने न्यूयॉर्क जेट्सशी नव्याने बोलणी केली. दोन वर्षांत मिळणारे सुमारे 11 कोटी डॉलर साडेसात कोटींवर आले. सुमारे साडेतीन कोटी गेले. याला मी त्याग म्हणेन. 2021 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज याचा मूळ पगार अडीच कोटींवरून 10 लाख 75 हजारांवर आला, तो आकडाही दिसायला प्रचंड होता. पण ब्रीज पुढच्याच महिन्यात निवृत्त झाला, ते अडीच कोटी त्याला घ्यायचेच नव्हते. ती कॅपच्या सोयीसाठी केलेली नोंद होती.

म्हणून बातमी वाचताना एकच आकडा शोधा: या वर्षी खेळाडूच्या हातात पडणारी कॅश बदलली का? ‘संघाने इतके कोटी वाचवले’ हा मथळा तुम्हाला ते सांगत नाही, कारण कॅपमधली जागा दोन्ही प्रकारांत होते.

आणि पे कट खरा असेल तर पुढचं वर्षही बघा. ग्रीन बे पॅकर्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ॲरन जोन्स याने 2023 साठी 50 लाख डॉलर कमी घेतले. 2024 च्या मार्चमध्ये पॅकर्सनी दुसरा रनिंग बॅक जॉश जेकब्स याला घेतलं आणि जोन्सला सोडलं. तो त्याच विभागातल्या मिनेसोटा वायकिंग्सकडे गेला.