झाडं जुनी, हौद नवे : रवांडाच्या मराबा कॉफीची पार्श्वभूमी

रवांडाच्या दक्षिणेला, हुये (पूर्वीचं बुटारे) शहराजवळ मराबा भाग आहे. सुमारे १७०० ते २१०० मीटर उंचीवरची इथली कॉफी आज चोखंदळ रोस्टर (कॉफी भाजून विकणारे) नावानिशी मागतात. गंमत म्हणजे झाडं तीच जुनी बुर्बों जातीची. १९९० च्या दशकात याच झाडांचा माल 'साधारण' म्हणून, कुठल्याही मालात मिसळून विकला जायचा. बदल घडला तो फळ तोडल्यानंतरच्या कामात.

कॉफी या देशात जर्मन मिशनऱ्यांनी १९०४ च्या सुमारास मिबिरिझी इथे आणली. पुढे बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ती सक्तीने लावायला लावली. स्वातंत्र्यानंतरही झाड उपटणं गुन्हाच राहिलं. सरकारने भाव ठरवायचा, शेतकऱ्याने घरीच साल काढून, मिळेल त्या भांड्यात आंबवून, मिळेल त्या पाण्यात धुऊन, जमिनीवर वाळवून माल द्यायचा. चांगल्या-वाईट मालाला एकच भाव असल्यावर चांगला माल करण्याचे कष्ट कोण घेणार? १९८९ मध्ये देशांच्या निर्यातीवर मर्यादा घालून भाव टिकवणारी, आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा पद्धत कोसळली, भाव निम्म्यावर आले, आणि कायदा बाजूला ठेवून लोकांनी झाडं उपटली. मग १९९४ चा नरसंहार झाला. माणसंही गेली आणि बागाही ओस पडल्या.

१९९९ मध्ये मराबातल्या सुमारे २२० शेतकऱ्यांनी 'अबाहुझामुगांबी' ही सहकारी संस्था काढली. नावाचा अर्थ साधारणपणे 'एकाच ध्येयासाठी एकत्र आलेले'. अमेरिकी सरकारी मदतीवर चालणाऱ्या 'पर्ल' प्रकल्पाने आणि रवांडाच्या राष्ट्रीय विद्यापीठाने हात दिला आणि २००१ मध्ये संस्थेचं पहिलं धुलाई केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी जगातला कॉफीचा भाव कित्येक दशकांच्या तळाला होता. साध्या मालावर पोट भरणं अशक्यच होतं.

केंद्राचं काम आपल्याकडच्या दूध संकलनासारखं आहे. लाल पिकलेली फळं तोडल्यापासून सहा-आठ तासांत पोचली पाहिजेत, नाहीतर पोत्यातच तापून आंबायला लागतात. आधी पाण्यात टाकून तरंगणारी काढायची, मग पल्परने साल काढायची. बियांवरचा बुळबुळीत थर हौदात साधारण १२ ते १८ तास आंबवून सुटतो. थंडी असेल तर जास्त वेळ लागतो. बिया मुठीत चोळल्यावर खड्यांसारख्या खरखरीत लागल्या की झालं. वेळ चुकवला तर व्हिनेगरसारखा वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. धुतलेला माल ओला असतानाच सावलीत निवडतात, कारण डाग ओल्या बीवर नीट दिसतात. त्यानंतर जाळीच्या उंच खाटांवर सुमारे दोन आठवडे वाळवण. भर दुपारी झाकायचं, नाहीतर वरचं टरफल तडकतं. ओलावा ११-१२ टक्क्यांवर आला की थांबायचं. एक किलो हिरव्या बियांसाठी सहा-सात किलो फळं लागतात.

एक दोष मात्र हौदाने सुटला नाही : कच्च्या बटाट्याचा वास. अँटेस्टिया नावाचा ढेकूणवर्गीय किडा फळाला भोक पाडतो, त्याच्याशी हा दोष जोडलेला आहे. वासामागे मेथॉक्सिपायराझिन गटातलं रसायन असतं. असली एकच बी अख्खा कप बिघडवते आणि भाजलेल्या दाण्यात ती डोळ्यांना ओळखू येत नाही. किडकी फळं बऱ्याचदा तरंगतात, म्हणून पाण्यातली ती पहिली निवड टाळून चालत नाही. घरी रवांडाची कॉफी करणाऱ्याने प्रत्येक कपापुरते दाणे वेगळे दळून आधी हुंगावेत. बटाटा आला तर तेवढं टाकून द्यावं, चार दाणे दळून ग्राइंडर साफ करावा आणि पुन्हा सुरुवात करावी.

२००८ मध्ये उत्तम कॉफी निवडणारी 'कप ऑफ एक्सलन्स' स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदा झाली, ती रवांडातच. तोवर देशभर धुलाई केंद्रं उभी राहत होती. २००० साली ती बोटांवर मोजण्याइतकी होती, २०१० च्या सुमारास दोनशेजवळ गेली. सहकारी संस्थांची अडचण इथूनच सुरू होते. शेतकऱ्याला फळं घातली त्याच दिवशी पैसे हवेत, कॉफी विकली जाते महिन्यांनी. मधल्या काळासाठी दर हंगामाला कर्ज काढावं लागतं. शेजारच्या खासगी केंद्राने उचल चार फ्रँक जास्त दिली की सभासदसुद्धा तिकडे वळतो. कॉफी विकल्यावर संस्थेकडून मिळणाऱ्या शेवटच्या हप्त्याचा भरवसा तेवढा बळकट नसतो. त्यात कमी फळांवर केंद्र चालवलं तर किलोमागे खर्च वाढतो.

२०१६ मध्ये सरकारने ऊसपट्ट्यातल्या झोनबंदीसारखाच नियम आणला : ज्या भागातलं फळ, त्या भागातल्या केंद्राला. माल कुठून आला हे कळू लागलं, पण शेतकऱ्याची भाव मागण्याची ताकद गेली. २०२३ मध्ये ती बंदी उठली आणि फळं पुन्हा दुसऱ्या भागातल्या केंद्रालाही देता येऊ लागली. त्यामुळे आता पाकिटावर नुसतं 'रवांडा' वाचून फारसं कळत नाही. धुलाई केंद्राचं नाव आणि हंगामाचं वर्ष दिलेलं असेल तर मात्र माल कुठल्या हौदातून आला आणि किती जुना आहे याचा अंदाज येतो.