घोट्याची जुनाट अस्थिरता

एकदा मुरगळलेला घोटा नीट सावरला नाही, तर तो पुन्हा पुन्हा मुरगळू लागतो किंवा चालता चालता अचानक दगा देतो. या अवस्थेला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. अशा घोट्याला एरवी दुखणे फारसे नसते, पण त्याचा भरवसा वाटत नाही. सपाट रस्त्यावर एखाद्या खड्याने पाऊल आत वळते. जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूस तीन अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे चिवट पट्टे, असतात. त्यांतला पुढचा सर्वांत कमजोर असल्यामुळे पाय मुरगळला की बहुधा तोच ताणला जातो किंवा फाटतो. सांध्याच्या खोबणीत बसणारे टॅलस हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद असते. चवडा खाली झुकला की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. सह्याद्रीतला घसारा उतरताना, उडी मारून टेकताना किंवा उंच टाचेच्या चपलेत पाय मुरगळतो तो यामुळे.

अस्थिबंध सैल राहणे हे एक कारण झाले. दुसरे कारण 1965 मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक एम. ए. आर. फ्रीमन यांनी पुढे आणले. पाऊल कुठे, किती कललेले आहे हे मेंदूला कळवणारे चेतातंतू अस्थिबंधातच असतात आणि दुखापतीत तेही जायबंदी होतात, असे त्यांनी मांडले. पुढे या विचारात बरीच भर पडली, तरी उपचाराची दिशा तिथूनच मिळाली. पाऊल आत वळायला इतका थोडा वेळ लागतो की स्नायू आवळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पाऊल टेकण्याआधीच घोटा सावध असावा लागतो.

ही सावधता सरावाने येते. दात घासताना एका पायावर उभे राहावे, ते जमले की कशाचा तरी आधार हाताशी ठेवून डोळे मिटून, मग डगमगत्या फळीवर. सोबत रबरी पट्ट्याला ताण देत पाऊल बाहेर वळवून पोटरीच्या बाहेरच्या कडेचे स्नायू बळकट करावेत. हे काही आठवडे नेमाने करावे लागते. सूज उतरली की बहुतेक जण सराव सोडतात, आणि खरे नुकसान तिथेच होते. आंबेहळदीचा लेप किंवा क्रेप बँडेज यांनी हरवलेला तोल परत येत नाही. खेळताना मात्र ब्रेस किंवा टेपिंग जरूर वापरावे. आधी मुरगळलेल्या पायाला त्याचा चांगला उपयोग होतो. नव्याने मुरगळल्यावर चार पावलेही टाकता आली नाहीत किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखले, तर एक्स-रे काढावा.

वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजून संधिवात जडू शकतो. व्यायामाने भागले नाही तर स्वीडनच्या ब्रोस्ट्रोम यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीने सैल अस्थिबंध आखडून शिवतात. 1980 मध्ये गूल्ड यांनी तीत सुधारणा केली. त्यानंतरही एका पायावर उभे राहण्याचा तोच सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.