पार्श्वभूमी : सहा कैदी परत येतात तेव्हा

बेळगावात आमच्या मंडळीच्या तरुण संघाने लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सिनेमा दाखवायचं काढलं की ज्येष्ठांचा एक प्रश्न ठरलेला असतो : हाताशी देवाचं वचन असताना सिनेमात काय शोधायचं? प्रश्न पोटतिडकीचा आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघायला हवं.

१९१० च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि आपल्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. ‘राजा हरिश्चंद्र’ त्याआधीच, ३ मे १९१३ ला, लोकांपुढे आला होता. एकाची कथा बघताना आपली कथा आठवावी, इथूनच आपला चित्रपट निघाला. आमचा तरुण संघ तीच वाट उलट दिशेने चालतो : दुसऱ्यांच्या कथा बघताना ख्रिस्त शोधतो.

एकाची कथा दुसऱ्याच्या रूपात बघायची ही सवय पडद्याहूनही जुनी. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी बायबलची कथा ओवीत रचली; ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघालं. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली : आधी निरूपण, मग आख्यान. सिनेमा संपल्यावर बायबल उघडून बोलायला बसणं हे मला त्या कीर्तनाचंच रूप वाटतं, फक्त इथे आख्यान आधी येतं.

चर्चला सिनेमाची धास्ती होती, हेही खरं. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांवर परिपत्रक काढलं. त्यात सिनेमाचं सामर्थ्य मान्य होतं, पण काळजीचा सूर मोठा होता. त्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. पुढे १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ झाला आणि मिशनची माणसं प्रोजेक्टर घेऊन गावोगाव गेली. पण तो येशूचाच सिनेमा. त्यात अर्थ शोधावा लागत नाही.

शोधावा लागतो तो ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये. एक जेलर सहा कैद्यांना बेड्यांशिवाय, निव्वळ विश्वासावर शेतात कामाला ठेवतो, ही त्याची गोष्ट. व्ही. शांताराम कोल्हापूरचे, पटकथा गदिमांची आणि मूळ प्रयोग औंध संस्थानातला : आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत होती. ही सगळी आमच्या शेजारची माणसं, शेजारची माती. १९५७ च्या या चित्रपटाला पुढल्या वर्षी बर्लिनमध्ये रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला. चित्रपटात ख्रिस्ताचं नाव नाही, क्रूस नाही. तरी त्या परीक्षकांना काहीतरी ओळखीचं दिसलं.

आम्ही तो दाखवला तेव्हा शेवटी जेलर वळूसमोर उभा राहून प्राण गमावतो तिथे मागच्या बाकावरच्या एक मावशी पुटपुटल्या, “उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो.” बहुतेकांनी माना डोलावल्या. मी तिथे थोडा अडखळलो. नायक मेला की त्याला ख्रिस्त म्हणायची घाई आपल्याला फार होते, आणि मग कुठलाही मारधाडीचा सिनेमा त्या मापात बसवता येतो. माझ्या मते या चित्रपटाचं मर्म आधी येतं : पळून निघालेले सहा कैदी, बेड्या नसताना, पहारा नसताना, माघारी फिरतात. त्यांच्यावर नजर आहे ती विश्वास टाकणाऱ्या माणसाची.

मी हे बोललो तशा मावशींनी चष्मा लावला आणि मेंढपाळाचं ते वचन जिथलं, ते योहानाचं शुभवर्तमान मागे सारून लूकचा पंधरावा अध्याय काढला, घर सोडून परत येणाऱ्या उधळ्या पुत्राचा. “अकराव्या ओवीपासून वाच,” म्हणाल्या, “धाकटा मुलगा तिथून निघतो.”