सतरा टचडाउन, मग एक

2022 च्या हंगामात डेट्रॉइट लायन्सच्या जमाल विल्यम्सने चेंडू घेऊन धावत 17 वेळा गोलरेषा ओलांडली, म्हणजे 17 टचडाउन केले. त्या वर्षी अख्ख्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, एवढे कोणालाच जमले नाहीत. बॅरी सँडर्ससारख्या दिग्गजाने 1991 मध्ये केलेला 16 चा क्लबचा विक्रमही त्याने मागे टाकला. पुढच्या वर्षी विल्यम्स न्यू ऑर्लिन्सच्या संघात गेला आणि धावून त्याचा टचडाउन झाला फक्त एक.

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की फॅन्टसी फुटबॉलचे ड्राफ्ट सुरू होतात. ऑफिसातले, कॉलेजचे, शेजारपाजारचे दहा-बारा जण एक लीग करतात आणि आळीपाळीने एनएफएलचे खरे खेळाडू निवडून आपापला कागदी संघ उभारतात. त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवरून संघाला गुण मिळतात. तिकडच्या मराठी नोकरदारांनाही ऑफिसातली मंडळी यात ओढतातच. आपल्याकडे मुंबईच्या ड्रीम11 मुळे फॅन्टसी खेळ घराघरात पोहोचले (ऑगस्ट 2025 च्या कायद्यानंतर त्यातले पैशांचे सामने बंद झाले), पण तिथे एकच खेळाडू लाखो जणांच्या संघात असू शकतो. ड्राफ्टमध्ये तसं नाही. एक खेळाडू एकालाच मिळतो, त्यामुळे ‘हा चांगला का?’ एवढं विचारून भागत नाही. कितव्या फेरीत उचलला तर परवडेल, हे विचारावं लागतं. खेळाडूला ओव्हररेटेड किंवा अंडररेटेड म्हणतात ते इथे भावाबद्दल, म्हणजे तो कितव्या फेरीत उचलला जातो त्याबद्दल; त्याच्या लायकीबद्दल नव्हे. हे एकदा पक्कं झालं की पुढची सगळी चर्चा संख्याशास्त्राच्या हातात जाते.

विल्यम्सचा तो हंगाम जरा उलगडून पाहू. नेहमीच्या नियमांत धावलेल्या दर 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला 6 गुण. 1,066 यार्डांचे झाले 106.6 गुण आणि 17 टचडाउनचे 102. म्हणजे धावण्याच्या कमाईतला जवळपास निम्मा वाटा टचडाउनचा. आता टचडाउन कसा होतो ते बघा. संघाने साठ-सत्तर यार्ड चेंडू पुढे आणलेला असतो, गोलरेषा एक-दोन यार्डांवर असते आणि प्रशिक्षक शेवटचा धक्का मारायला कोणाला तरी पाठवतो. विल्यम्सचे बहुतेक टचडाउन असे तोंडाशी आलेले होते. आधीच्या खेळात सहकाऱ्याला एक यार्ड अलीकडे पाडलं तर सहा गुण विल्यम्सचे, तोच सहकारी निसटून रेषेपार गेला तर त्याचे. त्या एका यार्डावर विल्यम्सचा काहीच ताबा नव्हता.

आधीच्या पाच हंगामांत मिळून त्याने धावून 13 टचडाउन केले होते. तेरा आणि सतरा यांपैकी त्याची ओळख कोणती मानायची? मला तरी तेराकडे झुकावंसं वाटतं.

गोष्ट इथे संपत नाही. विल्यम्सच्या जागी लायन्सनी शिकागोहून डेव्हिड मॉन्टगोमेरीला आणलं. 2022 मध्ये शिकागोत त्याचे धावून 5 टचडाउन होते, डेट्रॉइटला पहिल्याच वर्षी 13 झाले. ताकदवान आक्रमण आणि गोलरेषेजवळ मिळणारा चेंडू या दोन्ही गोष्टी त्या जागेबरोबर आल्या होत्या, माणसाबरोबर गेल्या नाहीत. विल्यम्सला न्यू ऑर्लिन्समध्ये दुखापतही नडली आणि कामही कमी मिळालं, हे खरंच. पण तो तंदुरुस्त राहिला असता तरी सतराची आशा धरणं वेडेपणाचंच ठरलं असतं.

क्वार्टरबॅककडे, म्हणजे संघाचे पास फेकणाऱ्या खेळाडूकडे, पाहिलं तर हेच अधिक ठळक दिसतं. एका हंगामात 50 किंवा त्याहून जास्त टचडाउन पास आजवर तिघांनीच दिले आहेत: टॉम ब्रेडीने 2007 मध्ये 50, पेटन मॅनिंगने 2013 मध्ये 55 आणि पॅट्रिक महोम्सने 2018 मध्ये 50. पुढच्या वर्षी मॅनिंग 39 वर आला, महोम्स 26 वर, आणि ब्रेडीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. यांतल्या कोणाला वाईट खेळाडू म्हणायची कोणाची छाती आहे? 26 वर आलेल्या महोम्सने त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला! पण मागच्या वर्षीचा आकडा बघून ज्यांनी त्याला वरच्या फेरीत उचललं, त्यांना तो महागच पडला.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. पास झेलणाऱ्या, म्हणजे रिसीव्हर असलेल्या, ज्युलिओ जोन्सने 2017 मध्ये 1,444 यार्ड मिळवले पण टचडाउन झाले तीनच. पुढच्या वर्षी 1,677 यार्ड आणि 8 टचडाउन. पिट्सबर्गच्या डिऑन्टे जॉन्सनकडे 2022 मध्ये तब्बल 147 पास फेकले गेले, त्याने 86 पकडले आणि टचडाउन शून्य. पुढच्या वर्षी चेंडू कमी मिळाले, यार्डही घटले, तरी टचडाउन पाच झाले. शून्य हे कौशल्याचं माप असतं तर असं झालं नसतं.

या प्रकाराला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्याहून थोडी बुटकी आणि बुटक्यांची थोडी उंच निघतात हे दाखवलं, तेव्हापासून ते प्रसिद्ध आहे. कोणताही आकडा अंगचा गुण आणि नशीब यांच्या मिश्रणातून येतो. यादीच्या अगदी वर जे पोहोचतात त्यांच्यात गुण असतोच, पण त्या वर्षी नशिबानेही हात दिलेला असतो. गुण पुढच्या वर्षी बरोबर येतो, नशिबाची हमी नाही. एनएफएलमध्ये ही भेसळ जास्त, कारण हंगाम जेमतेम 17 सामन्यांचा. अमेरिकी बेसबॉलमध्ये एक संघ 162 सामने खेळतो. तिथे नशिबाला समसमान व्हायला वेळ तरी मिळतो.

मग आकडा किती खाली किंवा वर ओढायचा? याचं उत्तर देणारं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बेसबॉलमधलंच आहे. चार्ल्स स्टाइनने 1956 मध्ये एक विचित्र गोष्ट गणिताने सिद्ध केली: तीन किंवा अधिक गोष्टींचे अंदाज एकत्र करायचे असतील, तर प्रत्येकाची स्वतःची सरासरी हा सर्वोत्तम अंदाज नव्हे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी 1970 च्या दशकात ते खेळाच्या मैदानावर आणलं. त्यांनी 1970 च्या हंगामातले 18 फलंदाज घेतले, प्रत्येकाच्या सुरुवातीच्या 45 संधींचा हिशेब केला आणि त्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. सगळ्यांची मिळून सरासरी होती 0.265, म्हणजे दर हजार संधींमागे 265 यशस्वी फटके. प्रत्येक खेळाडूचं या सरासरीपासूनचं अंतर घ्यायचं, त्यातला साधारण एकपंचमांश ठेवायचा आणि बाकी पुसून टाकायचं. एवढीच रीत.

यादीत सर्वांत वर होता रॉबर्टो क्लेमेंटे, 45 पैकी 18 यशस्वी फटके, म्हणजे 0.400. नव्या रीतीने त्याचा अंदाज आला 0.294. तळाच्या मॅक्स अल्विसचे 7 फटके, म्हणजे 0.156, त्याला रीतीने 0.242 वर चढवलं. उरलेल्या हंगामात क्लेमेंटे 0.346 वर आला आणि अल्विस 0.200 वर. अठरापैकी सोळा जणांच्या बाबतीत दाबलेला अंदाज कच्च्या आकड्यापेक्षा सत्याच्या जवळ निघाला. 0.178 ने अडखळत सुरुवात करणारा थर्मन मन्सन उरलेल्या हंगामात 0.316 ने खेळला आणि अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सुरुवातीच्या आकड्यांवर भाव ठरवणाऱ्याने त्याला फुकटात सोडलं असतं.

पण क्लेमेंटेच्या बाबतीत ही रीत कच्च्या आकड्यापेक्षा किंचितच सरस ठरली, आणि त्याचं कारण मोलाचं आहे. तोवर तो चार वेळा नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज ठरलेला होता. गणिताला हे ठाऊक नव्हतं, त्याने त्याला इतर सतरा जणांच्या सरासरीकडे खेचलं. आकडा ओढायचाच, पण कोणत्या सरासरीकडे, हे ठरवायला खेळाची जाण लागते. महोम्सला महोम्सच्या दर्जाकडे ओढायचं, विल्यम्सला विल्यम्सच्या.

दुसरी गोष्ट, सगळे आकडे सारख्याच जोराने ओढायचे नसतात. ज्यात नशीब जास्त ते जास्त, ज्यात ठरवून केलेली कृती जास्त ते कमी. टचडाउन हंगामभरात मोजकेच होतात. पण एखाद्या रिसीव्हरकडे चेंडू किती वेळा फेकला गेला, म्हणजे त्याचे ‘टार्गेट’, हा प्रशिक्षकाचा आणि क्वार्टरबॅकचा दर सामन्यात पुन्हा पुन्हा घेतलेला निर्णय असतो. त्यातून खरं चित्र लवकर दिसतं.

2023 मध्ये पूका नाकुआच्या बाबतीत हे स्वच्छ पाहायला मिळालं. एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ नवे खेळाडू निवडतात, तो पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर लॉस एंजलिस रॅम्सकडे गेला. फॅन्टसीत तर बहुतेक लीगमध्ये त्याला कोणी विचारलंच नव्हतं. रॅम्सचा हुकमी रिसीव्हर कूपर कप दुखापतीने बाहेर बसला आणि सिअ‍ॅटलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात नाकुआकडे 15 पास फेकले गेले. त्याने 10 पकडले, 119 यार्ड मिळवले. पुढच्या सामन्यात 20 पास, 15 झेल, 147 यार्ड. टचडाउन मात्र एकही नाही. पहिला टचडाउन यायला चौथा सामना उजाडला. टचडाउनची यादी चाळणाऱ्याला हा पोरगा दिसलाच नसता. टार्गेट मोजणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच उचलला. हंगाम संपला तेव्हा 105 झेल आणि 1,486 यार्ड, दोन्ही तेव्हा पदार्पणाच्या हंगामातले विक्रम. दोन सामने हाही लहानच नमुना, असं कोणी म्हणेल. खरंय. पण अनोळखी नवख्याकडे संघ एका सामन्यात वीस वेळा चेंडू फेकतो, ते योगायोगाने होत नाही.

दुखापतींबद्दल फार लांबण लावत नाही. रनिंग बॅक, म्हणजे विल्यम्ससारखा चेंडू घेऊन धावणारा गडी, दर सामन्यात पंधरा-वीस वेळा आडदांड गड्यांच्या घोळक्यात घुसतो, त्यामुळे मागच्या वर्षी सगळे सामने खेळला हीसुद्धा अंशतः नशिबाचीच गोष्ट. जोनाथन टेलरने 2021 मध्ये 1,811 यार्ड धावून 2022 च्या बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला मान मिळवला आणि त्या वर्षी त्याच्या वाट्याला 11 सामने, 861 यार्ड आले. ख्रिश्चन मॅकॅफ्री 2019 मध्ये धावून आणि पास झेलून असे दोन्हीकडे हजार यार्ड ओलांडून बसला, 2020 मध्ये तीन सामने खेळला. 2023 ला पुन्हा 21 टचडाउन, 2024 ला चार सामने. पहिल्या क्रमांकाची निवड सगळ्यात सुरक्षित असते, हा समज कुठून येतो कोण जाणे.

जागेचा हिशेबही भाव फिरवतो. बारा जणांच्या लीगमध्ये दर आठवड्याला एकेकच क्वार्टरबॅक लागतो, आणि एनएफएलमध्ये संघ बत्तीस. म्हणजे बारावा क्वार्टरबॅकही बरा असतो आणि शेवटच्या फेऱ्यांत मिळतो. रनिंग बॅक प्रत्येकाला दोन तरी हवे, म्हणजे चोवीस, आणि चोविसावा फारच फिका. समजा अव्वल क्वार्टरबॅक सामन्याला 24 गुण देतो आणि बारावा 19, अव्वल रनिंग बॅक 20 आणि चोविसावा 11. गुण क्वार्टरबॅकचे जास्त, पण फायदा पहिल्याचा पाचाचा आणि दुसऱ्याचा नवाचा. म्हणून टीव्हीवर ज्याचा चेहरा सगळ्यात जास्त दिसतो तो क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये बहुधा ओव्हररेटेडच असतो. नावाचा मोह सुटत नाही, दुसरं काय!

यापेक्षा बारीक सापळा निवडीतच दडलेला आहे. अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीच्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये तो मांडला. समुद्रातल्या तेलक्षेत्राचा लिलाव असतो, प्रत्येक कंपनी आपापल्या परीने तेलाचा अंदाज करते, कोणाचा चढा, कोणाचा उतरता. क्षेत्र मिळतं ते ज्याचा अंदाज सर्वांत चढा त्याला, म्हणजे बहुतेक वेळा सर्वांत जास्त चुकलेल्याला. ड्राफ्टमध्ये अकरा जणांनी ज्याला थांबवून ठेवलं त्याला तुम्ही उचलता, तेव्हा तुमचा अंदाज त्या अकरांपेक्षा चढा असतो. असे पंधरा खेळाडू गोळा झाले की तयार होतो तो तुमच्या पंधरा चढ्या अंदाजांचा संघ. ड्राफ्टच्या रात्री प्रत्येकाला आपलाच संघ जिंकणार असं वाटतं, त्यात आश्चर्य नाही.

हे हौशी लोकांचं झालं. पगारी तज्ज्ञांची फौज बाळगणारे संघ यातून सुटतात का? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी एनएफएलचे खरे ड्राफ्ट तपासले. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेला थेलर तो हाच. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त आढळली. तरीही वरच्या क्रमांकासाठी संघ खालच्या निवडींचे ढीगच्या ढीग मोजतात. 2023 मध्ये कॅरोलायना पँथर्सनी पहिल्या क्रमांकासाठी शिकागो बेअर्सना आपला नववा क्रमांक, दुसऱ्या फेरीतली एक निवड, डीजे मूर हा तयार रिसीव्हर, 2024 ची पहिल्या फेरीतली निवड आणि 2025 ची दुसऱ्या फेरीतली निवड दिली. एवढं मोजून त्यांनी ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक घेतला. लगेच दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला सी. जे. स्ट्राउड 4,108 यार्ड आणि 23 टचडाउन पास देऊन त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पँथर्स 17 पैकी 15 सामने हरले. सर्वांत तळाचा संघ पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड करतो, त्यामुळे 2024 चा पहिला क्रमांक त्यांच्याच वाट्याचा होता, पण तो आधीच देऊन बसले होते. बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं.